शिवणाची पत्रं : ‘साइझ चार’चा फ्रॉक चार वर्षांच्या मुलीला का बसला नाही?

प्रश्न : ताई, मी कोथरूडला राहते. मुलगी चार वर्षांची आहे. तिच्यासाठी एका परदेशी संकेतस्थळावरून फ्रॉकचा पॅटर्न (कापड बेतायचा कागदी नमुना) विकत घेतला, घरच्या प्रिंटरवर छापला, कागद जोडले आणि साइझ चारच्या रेषेवर कापला. कागदावरचा तपासणीचा चौकोन ५ सेंटिमीटरचा हवा होता, माझा दीड मिलिमीटर लहान आला. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं. पॅटर्नमध्ये शिलाईसाठी १ सेंमी माया (टिपेच्या बाहेर सोडायचं जादा कापड) दिली होती. मी एका व्हिडिओत पाहून दीड सेंमीवर टीप घातली. पाठीला चीर ठेवून बटण लावायचं होतं, ते अवघड वाटल्याने गळा बंदच शिवला. आता फ्रॉक छातीला घट्ट होतो, उंचीला बोटभर आखूड आहे आणि डोकं गळ्यातून जातच नाही. तिची उंची १०१ सेंमी, छाती ५३, डोक्याचा घेर ५०. तक्त्यात तयार फ्रॉकची छाती ६० दिली होती. पॅटर्न चुकीचा आहे का? की हे कागद सोडून सरळ शिवणक्लास लावू?

उत्तर : तुम्ही मापं लिहून पाठवलीत याचा फार आनंद झाला. बहुतेक पत्रांत ‘फ्रॉक नीट होत नाही’ एवढंच असतं आणि मग मला अंदाज बांधत बसावं लागतं. तुमच्या पत्रात सगळी उत्तरं आहेत. पॅटर्न बरोबर आहे.

आधी चौकोनाचं बघू. ५ सेंमीत दीड मिलिमीटर म्हणजे शंभरात तीन. हा फरक फक्त त्या चौकोनात राहत नाही, प्रत्येक तुकड्यात उतरतो. ६० सेंमी छातीत १.८ सेंमी गेले. फ्रॉकची उंची साधारण ५५-५६ धरली तर तिथेही तेवढेच गेले. तुमचं ‘बोटभर आखूड’ हेच. हे होतं कशामुळे? अमेरिकेतले पॅटर्न बहुधा तिकडच्या लेटर कागदावर बसवलेले असतात. तो २१.६ सेंमी रुंद असतो आणि आपला ए-४ फक्त २१. प्रिंटरला ‘पानात बसव’ अशी सूचना असली की तो सगळं चित्र बारीक करतो. म्हणून छापताना ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडायचं, आणि आधी चौकोनाचं एकच पान काढून त्यावर पट्टी ठेवायची. चौकोन बरोबर आला की मगच उरलेली पानं. अनेक पॅटर्नमध्ये ए-४ची वेगळी फाइल दिलेली असते, ती शोधा.

आता माया. दोन्ही कुशींच्या, म्हणजे बगलेखालच्या बाजूंच्या, शिलाईत मिळून कापडाच्या चार कडा येतात. प्रत्येक कडेला अर्धा सेंमी जास्त आत घेतला की २ सेंमी कमी. म्हणजे ६०चे राहिले ५६.२. मुलीची छाती ५३. न ताणणाऱ्या सुती कापडात चार वर्षांच्या मुलाला ६ ते ८ सेंमी सैल हवी, ती तीनवर आली. हात वर केला की मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईत, काचणारच. व्हिडिओतलं माप खोटं नव्हतं. अमेरिकी कंपन्यांच्या पाकिटातल्या पॅटर्नमध्ये पाच अष्टमांश इंच, म्हणजे दीड सेंमीच्या आसपास, माया धरलेली असते. बुर्डा या जर्मन मासिकाच्या पॅटर्नपानांवर मात्र ती मुळीच नसते. कागद उतरवून घेताना आपण बाहेरून वाढवायची. प्रत्येकाची रीत वेगळी. त्यामुळे कात्री हातात घेण्याआधी सूचनांमधली मायेची ओळ शोधा आणि पेन्सिलीने कागदाच्या तुकड्यावर लिहून ठेवा. व्हिडिओवाल्या ताईंच्या हातात त्यांचा पॅटर्न होता, तुमच्या हातात तुमचा आहे.

गळ्याचं कारण तुम्हीच लिहिलंय. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. तुमच्या मुलीची छाती ५३ आणि डोकं ५०, इतकी ती मापं जवळ आहेत. गळा दिसायला नेटका हवा तर तो डोक्यापेक्षा लहान राहतो, म्हणून पाठीला चीर. ती काही शोभेसाठी नसते. पुढच्या वेळी कागदावरच बघा : टेप आडवी न ठेवता तिच्या कडेवर उभी धरून गळ्याच्या शिलाईच्या रेषेवरून फिरवा, पुढचा आणि मागचा भाग मिळून. बेरीज डोक्याच्या घेराहून दोन-तीन सेंमी जास्त नसेल तर चीर हवीच.

हा फ्रॉक टाकून देऊ नका. कुशीची दीड सेंमी माया कापून टाकली नसेल तर टीप उसवा आणि १ सेंमीवर नवी घाला. छातीला २ सेंमी परत मिळाले. पाठीच्या बरोबर मध्यावर दहा सेंमीची रेष आखा, तिच्यावर त्याच कापडाचा तुकडा सुलट बाजूला सुलट ठेवून रेषेच्या दोन्ही बाजूंनी टीप घाला. खाली टोकाला निमुळतं होत एक आडवा टाका घाला. मग मधून अगदी टोकापर्यंत कापून तुकडा आत उलटवा. टोकापर्यंत कापायला लोक भितात आणि नेमकं तिथेच कापड ओढल्यासारखं चुणतं. वर एक बटण आणि दोऱ्याचा लूप. काज करायची गरजच नाही. खाली चार बोटं रुंदीची वेगळ्या रंगाची पट्टी जोडा, उंचीही झाली.

साइझबद्दल थोडं. ‘चार’ या आकड्यावर विसंबू नका. युरोपातले पॅटर्न मुलांचे साइझ उंचीवरून देतात : ९२, ९८, १०४, ११०, असे सहा-सहा सेंटिमीटरने. तिथे तुमच्या मुलीला १०४. अमेरिकेत आकडा वयासारखा दिसतो, पण तक्ता अंगाच्या मापांचाच असतो, आणि त्यातल्या मुलाची ठेवण आपल्या मुलांसारखी असेलच असं नाही. आपल्याकडे चणीने बारीक पण उंच मुलं पुष्कळ. तेव्हा साइझ छातीवरून निवडा आणि उंची वेगळी वाढवा. पॅटर्नवर ‘इथे वाढवा किंवा कमी करा’ अशी आडवी जोडरेष असते, तिथे कागद कापून मध्ये पट्टी चिकटवायची. खालून नुसतं लांबवलं तर कंबर वरच राहते.

क्लासचं विचारलंत. आपल्या क्लासमध्ये छातीचा चौथा भाग घेऊन, त्यात सैल आणि माया मिळवून, ब्राउन पेपरवर बेतायला शिकवतात. उत्तम विद्या आहे ती. मी त्याच वाटेने शिकले आणि तीच शिकवते. पण घरी लहान मूल, दुपारचे दोन तास मोकळे आणि मुलीला फ्रॉक घालायची हौस, अशा बाईला मी कागदी पॅटर्नपासूनच सुरुवात करायला सांगेन. मुळात त्यांचा जन्मच घरी शिवणाऱ्यांसाठी झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी एबनेझर बटरिक याने १८६३ साली मापामापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले, आणि सुरुवातीच्या मालात मुलग्यांचे कपडे होते. कोणी तरी तुमच्यासाठी आकडेमोड करून ठेवली आहे, तुम्ही हाताला वळण लावा.

फक्त माझी एक अट आहे आणि ती मी आग्रहाने सांगते : आणखी पॅटर्न विकत घेऊ नका. हाच फ्रॉक पुन्हा शिवा. दुसऱ्यांदा बिनबाहीचा, तिसऱ्यांदा पुढे बटणपट्टीचा, मग कंबरेखाली चुन्यांचा घेर लावून, मग तोच वरचा भाग आखूड करून परकरावरचं पोलकं. प्रत्येक वेळी मुलीच्या अंगावर घालून बघा, कुठे ओढतंय ते टाचणीने खूण करा आणि ती दुरुस्ती कागदावर तारखेसह लिहा. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या फोनमध्ये ढीगभर पॅटर्न असतात आणि अंगावर घालण्याजोगा एकही कपडा झालेला नसतो. ज्यांनी एकच कागद घासून घासून वापरला त्यांना मुंढा काय चीज आहे हे कळलं. मुंढ्याची गोलाई पुढे जास्त खोल आणि मागे कमी का, हे पुस्तकात वाचून उमगत नाही. मूल हात पुढे करून डबा उघडतं तेव्हा पाठीवर कापड ताणलं जातं, ते बघितलं की उमगतं.

पहिला नमुना मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, करा. रविवार पेठेत कापडगंजाच्या बाजूला मांजरपाट, पॉपलीन, केंब्रिक सगळं मिळतं. लेस, इलास्टिक, बटणंही तिथेच किंवा तुळशीबागेत. सकाळी दुकानं उघडता उघडता जा. दुकानदार तेव्हा निवांत असतो आणि तागा उलगडून दाखवतो. कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. परदेशी सूचनांमध्ये कापड बहुतेकदा ११५ किंवा १५० सेंमी रुंद धरलेलं असतं. आपल्याकडे ३६ इंचीही असतं, म्हणजे ९१ सेंमी. त्यांच्या हिशेबाने ‘एक मीटर’ घेतलं तर बाही निघत नाही. खणाचं शिवायचं असेल तर आणखी सांभाळा. खणाचा पन्हा अरुंद, त्यात काठ दिसले पाहिजेत, म्हणून घेराचे तुकडे आधी कागदाचे कापून खणावर मांडून बघा. आणि कुठलंही सुती कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. जे आटायचं ते बेतण्याआधीच आटू दे.

प्रश्न : मी धायरीला राहतो. आजीचं हाताने फिरवायचं काळं मशीन घरी आहे. मुलाला चड्ड्या शिवाव्यात असं मनात आहे, पण दोरा सारखा तुटतो. मशीन गेलं समजायचं का?

उत्तर : मुळीच नाही, दादा. आधी सुई बदला. घरात पडून राहिलेल्या सुईला बहुधा गंज धरलेला असतो. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, नखाने चाचपून बघा. दोरा त्या खाचेच्या बाजूने आत ओवायचा. सुई उलटी बसली की टाके सुटतात आणि दोरा तुटतो. पॉपलीनला १४ नंबर, मलमलीला ११. जुना दोराही टाकून द्या, हाताने ओढला आणि सहज तुटला तर तो कुजलेला आहे. तेल फक्त मशीनचं घाला. खोबरेल तेल आत चिकट होऊन बसतं. बॉबिनच्या पेटीतला धुरळा ब्रशने काढा. एवढ्यावर चाललं नाही तर कारागिराला दाखवा.

हाताच्या मशीनवर उजवा हात चाकावर अडकतो, कापडाला डावाच उरतो. म्हणून पहिली चड्डी इलास्टिकची, सरळ शिलायांची घ्या. पाय वेगवेगळे शिवून एक सुलट करा, दुसऱ्या उलट्या पायात घाला आणि बैठकीची (दोन पायांच्या मधली) टीप एका दमात मारा. ती टीप दुहेरी हवी; मुलं उकिडवी बसतात आणि चड्डी तिथेच उसवते. नेफ्यात इलास्टिक कंबरेहून चार-पाच सेंमी कमी घ्या, पोटावर वळ उठता कामा नये. मुलासाठी शिवायला बसणारा बाप मला फार आवडला. कुठे अडलं तर जरूर लिहा.

प्रश्न : सदाशिव पेठेतून लिहीत आहे. पणतू झाला आहे. झबली आणि कुंची शिवायची आहेत. हात अजून चालतो. सून म्हणते, नाड्या नकोत. आमच्या वेळी तर सगळं नाड्यांचंच होतं.

उत्तर : आजी, अभिनंदन! झबल्यासाठी मऊ धुवट सुती साडी किंवा मलमल घ्या, आणि पहिल्या महिन्यात शिलाया बाहेरच्या बाजूला ठेवा म्हणजे अंगाला टोचणार नाहीत. नाड्यांच्या बाबतीत मी सूनबाईंच्या बाजूने आहे. गळ्याशी नाडी अडकून मुलं दगावली आहेत, म्हणून अमेरिकेत १९९६ साली मुलांच्या कपड्यांतल्या ओढनाड्यांबद्दल मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि युरोपात त्यासाठी ईएन १४६८२ हे वेगळं मानक आहे. झबल्याला पुढे कुशीकडे बांधायचे छोटे, रुंद बंद चालतील, टोकं घट्ट शिवलेली असू देत. टिचबटणं नीट बसवता आली तर तीही चालतील. कुंचीचा बंद हनुवटीखाली येतो. बारशाला, बाहेर नेताना, कोणाच्या तरी मांडीवर असताना जरूर घाला, पण बाळ झोपलं की कुंची काढायची, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कुंचीला जरीकाम नको, आत अस्तर सुतीच असू दे. मागच्या झालरीच्या चुन्या हाताच्या धावदोऱ्याने घाला, मशीनपेक्षा बारीक पडतात. हे तुम्हाला मी काय सांगावं.

प्रश्न : साध्या मशीनवर मुलांचे टी-शर्ट शिवता येतात का? (औंध)

उत्तर : मशीनमध्ये झिगझॅग असेल तर येतात. बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई घ्या, झिगझॅग अगदी अरुंद ठेवा, कापड ओढू नका. गळ्याची रिबपट्टी गळ्याच्या मापाहून साधारण सहावा-सातवा हिस्सा आखूड कापा आणि चार ठिकाणी टाचून समान ताणत लावा. फक्त सरळ टाका असेल तर गळा डोक्यातून घालताना टीप तुटते. अशा मशीनवर पॉपलीनचा सैल कुर्ता शिवा.