पहिला हेडसेट निवडताना

लहान विमानाच्या कॉकपिटमधील आवाज सहज ९० डेसिबलच्या आसपास जातो आणि त्यातील मोठा भाग इंजिन व प्रोपेलरच्या खोल घरघरीचा असतो. हेडसेटमधील सक्रिय आवाजरोधक यंत्रणा विरुद्ध कलेची, म्हणजे मूळ लहरीच्या नेमके उलटे चढउतार असलेली, ध्वनिलहर निर्माण करून नेमकी हीच घरघर दाबते. वाऱ्याचा तीक्ष्ण आवाज मात्र कानावरच्या उशीलाच अडवावा लागतो, म्हणून ती कानाभोवती सगळीकडून नीट टेकते की नाही, हे सर्वांत आधी पाहा. चष्म्याची जाड काडी तेथे फट पाडते. तेव्हा उड्डाणात वापरता तोच चष्मा लावून आणि शक्य असल्यास कुणाचा हेडसेट मागून घेऊन पूर्ण उड्डाणभर तो वापरून पाहा, कारण डोक्यावरचा दाब तासाभरानेच खरा जाणवतो. या यंत्रणेची बॅटरी संपल्यावरही रेडिओ ऐकू येतो आणि मायक्रोफोन चालतो, याची खात्री करून घ्या. तुमच्या विमानातील सॉकेटही तपासा. अनेक हेलिकॉप्टरांचा प्लग वेगळा असतो. ब्लूटूथला मी फारसे महत्त्व देणार नाही. पैसे मर्यादित असतील, तर सैल बसणाऱ्या महागड्या हेडसेटपेक्षा घट्ट बसणारा साधा हेडसेट घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.