वंशावळीच्या प्रकल्पातून विद्यार्थ्यांना जगाचा इतिहास खरंच शिकवता येतो का?

येतो, पण नुसती नावं झाडावर टांगून नाही. एखादी तारीख पकडायची आणि त्या वर्षी जगात काय चाललं होतं ते शोधायला लावायचं. पणजीची दोन भावंडं १९१८ मध्ये आठवड्याभरात गेलेली दिसली, की इन्फ्लुएंझाच्या साथीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मग महायुद्ध, सैनिकांनी भरलेली जहाजं ओघाने येतातच.

घरच्या आठवणी मात्र कागदाशी ताडून बघायला लावा. 'एलिस बेटावर आमचं आडनाव बदललं' असं अमेरिकेतली कितीतरी कुटुंबं छातीठोकपणे सांगतात. (एलिस बेट म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातलं, जहाजाने आलेल्या स्थलांतरितांची तपासणी व्हायची ते ठिकाण.) प्रत्यक्षात तिथले अधिकारी जहाजासोबत आलेल्या प्रवासी याद्यांवरूनच नावं तपासत.

आणि ज्याला घरचं सांगायचं नसेल, त्याला ओळखीच्या एखाद्या आजोबांची वंशावळ घेऊ द्या.