'आकार' म्हणजे शेप की साइज? सोन्याच्या नॅनोकणांपुरती शब्दचर्चा

प्रश्न असा आहे: "उत्प्रेरक म्हणून वापरण्यासाठी सोन्याच्या नॅनोकणांचे आकार-नियंत्रण" हे शीर्षक वाचून काहींना शेप कळतो, काहींना साइज. मुळात शेप म्हणायचं आहे. मग 'आकार' बरोबर की 'आकारमान'?

शेपसाठी 'आकार'च ठेवावा. मात्र त्याच लेखात साइजसाठी तो एकदाही वापरू नये.

बोलीत हा शब्द दोन्हीकडे चालतो, कारण त्याच्या आधीचं विशेषण अर्थ ठरवतं. 'मोठ्या आकाराचे आंबे' म्हटलं की साइज, 'लांबट आकाराचे आंबे' म्हटलं की शेप. 'आकार-नियंत्रण' या समासात विशेषणच नाही, म्हणून अर्थ अधांतरी राहतो.

'आकारमान' घेतल्याने सुटका होत नाही. शाळेत घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान असं शिकलेल्या वाचकाला त्यातून घनफळच दिसणार. कणाचा व्यास 10 नॅनोमीटरवरून 20 झाला, तर आकारमान आठपट होतं. उलट 'आकारमान दुप्पट केले' असं लिहिलं, तर काटेकोर वाचक व्यास जेमतेम सव्वापट वाढला असं धरेल. साइजसाठी साधा 'माप' हा शब्द पुरे. त्याहून बरं म्हणजे जे मोजलं तेच लिहावं: व्यास, लांबी, जाडी.

हा भेद इथे का पाळायचा, ते कृती पाहिली की पटतं. क्लोरोऑरिक आम्लाच्या उकळत्या द्रावणात सोडियम सायट्रेट घालायची पद्धत टर्केविच यांनी 1951 मध्ये अभ्यासली. 1973 मध्ये फ्रेन्स यांनी सायट्रेटचं प्रमाण बदलून सुमारे 16 ते 150 नॅनोमीटर व्यासाचे कण मिळवले. सायट्रेट जास्त, तर कण लहान. पण कण राहतात गोलसरच. हे माप-नियंत्रण झालं.

आकार-नियंत्रण म्हणजे बीजापासून, म्हणजे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणापासून, कांड्या वाढवणं. निकूबख्त आणि एल-सय्यद यांच्या 2003 च्या कृतीत आधी बीज करतात: 0.2 मोलर सीटॅब (कणांवर थर धरणारा साबणासारखा पदार्थ) 5 मिलिलिटर, 0.5 मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल 5 मिलिलिटर आणि त्यात बर्फात थंड केलेलं 0.01 मोलर सोडियम बोरोहायड्राइड 0.6 मिलिलिटर. रंग तपकिरी-पिवळा होतो. बोरोहायड्राइड ताजंच हवं, पाण्यात ते लवकर विघटित होतं. वाढीच्या द्रावणात सीटॅब तितकंच, 1 मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल 5 मिलिलिटर, 4 मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट 0.05 ते 0.25 मिलिलिटर, आणि 0.0788 मोलर ॲस्कॉर्बिक आम्ल 70 मायक्रोलिटर. द्रावण रंगहीन होतं, कारण ॲस्कॉर्बिक आम्ल सोन्याची ऑक्सिडीकरण स्थिती +3 वरून +1 वर आणून थांबतं. धातूपर्यंतची पुढची पायरी बीजाच्या पृष्ठभागावर घडते. मग 12 मायक्रोलिटर बीज घालतात. बीज घालण्याआधीच रंग लाल दिसू लागला, तर काच अस्वच्छ आहे असं समजावं आणि भांडी आम्लराजाने (तीव्र नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवावीत. द्रावण 27 ते 30 अंशांवर ठेवावं. 25 अंशांच्या खाली सीटॅबचे स्फटिक पडू लागतात.

सीटॅबच्या बाटलीत आयोडाइड दशलक्षात काही भाग इतकंच असलं, तरी कांड्यांऐवजी गोल कण मिळू शकतात. कृती तीच, मात्रा त्याच, फक्त आकार हुकला. अशा वेळी नोंदवहीत 'आकार चुकला' एवढंच लिहिलं तर पुढच्याला चूक शोधता येणार नाही.

उत्प्रेरणात या दोन गोष्टींची कामंही वेगळी आहेत. हारुता यांनी 1987 मध्ये ऑक्साइडवर बसवलेल्या सोन्याने कार्बन मोनॉक्साइडचं शून्याखालच्या तापमानालाही ऑक्सिडीकरण करून दाखवलं. तिथे प्रभाव मापाचा: कण साधारण 5 नॅनोमीटरपेक्षा लहान हवेत. अष्टफलक, घन आणि समभुज द्वादशफलक यांच्या तुलनेत मात्र आकार बोलतो. अष्टफलकाचे चेहरे, म्हणजे स्फटिकाच्या सपाट बाजू, (111), घनाचे (100), द्वादशफलकाचे (110); कंसातले आकडे त्या बाजूवरची अणूंची मांडणी सांगतात. त्यांच्यावरच्या अणूला अनुक्रमे 9, 8 आणि 7 शेजारी असतात. शेजारी कमी, तितका रेणू धरायला वाव जास्त. पण तुलना करताना तिन्हींचं पृष्ठफळ सारखं धरावं लागतं, नाहीतर मापाचा परिणाम आकाराच्या नावावर जमा होतो. शिवाय सीटॅबचा थर चेहरे झाकून ठेवतो. अपकेंद्री यंत्रात दोनदा धुतल्याने तो बराच निघतो. फार धुतलं तर कण एकमेकांना चिकटतात आणि द्रावण निळसर पडतं.

पर्यायी शब्दांपैकी 'आकृती' नको, ती लेखातल्या चित्रांसाठी लागते. 'रूप'ही नको, 'अपरूप' (एकाच मूलद्रव्याचं वेगळं रूप, जसं हिरा आणि ग्रॅफाइट) आधीच रसायनशास्त्रात रुजलेलं आहे. मला स्वतःला 'घाट' आवडतो. दागिन्याचा घाट, भांड्याचा घाट, घाटदार सुरई: या शब्दात साइज शिरतच नाही, आणि सोन्याशी त्याची जुनी ओळख आहे. लोकांसाठीच्या लेखात पहिल्या उल्लेखाला "आकार, म्हणजे कणाचा घाट" असं लिहिलं की पुढे 'आकार' निर्धास्त वापरता येतो. 'घडण' मात्र टाळावी. तीत कारागिराच्या हाताचे ठोके ऐकू येतात, आणि हे कण तर वाढलेले असतात.

राहिली एक अडचण. कांडीची लांबी भागिले जाडी हा आकडा आकारात मोडतो की मापात? आकारात. 40 बाय 10 आणि 80 बाय 20 नॅनोमीटरच्या कांड्यांचं माप वेगळं, आकार एकच. 'लांबी-जाडीचे गुणोत्तर' असं पूर्ण लिहावं, आणि तक्त्यात लांबी व जाडी वेगवेगळ्या रकान्यांत द्याव्यात.