नाव चुकलं, म्हणजे मनात चोर आहे का?

प्रिय मैत्रीण,

बोलण्याच्या ओघात नवऱ्याला तू जुन्या मित्राच्या नावानं हाक मारलीस. ‘अबोध मन खोटं बोलत नाही’ असं म्हणून तो गप्प झाला. तेव्हापासून तू त्या मित्राचा विचारसुद्धा मनात येऊ देत नाहीस, तरी तो स्वप्नात येतोच. ‘मला माझंच मन कळलं नाही का?’ असं तू विचारतेस.

नवऱ्याचं वाक्य मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या वळणाचं आहे. फ्रॉइडनं मनाचे तीन थर मानले: आत्ता भानात असलेलं, आठवू म्हटलं की आठवणारं, आणि दडपल्यामुळे वर न येणारं अबोध. जीभ घसरते ती या दडपलेल्यामुळे, असं त्यानं १९०१ साली मांडलं. नाव चुकण्याबाबत मला मात्र पुढचं संशोधन जास्त पटतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सतराशेहून जास्त लोकांना असे अनुभव विचारले होते. बहुतेक चुका एकाच गटातल्या माणसांत होत्या: एका मुलाला दुसऱ्याचं नाव, एका मित्राला दुसऱ्याचं. घरच्या माणसाला कुत्र्याच्या नावानं हाक मारणारेही त्यात होते! जवळच्या माणसांची नावं स्मरणात शेजारी शेजारी असतात, घाईत भलतंच ओठांवर येतं.

स्वप्नांचं तर तू स्वतःच ओढवून घेते आहेस. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली काही जणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं एका व्यक्तीचा विचार टाळायला सांगितला. तीच व्यक्ती त्यांच्या स्वप्नात जास्त आली, आणि तिच्याबद्दल ओढ असो वा नसो, हे घडलंच. त्यामुळे ही स्वप्नं प्रेमाचा पुरावा ठरत नाहीत.

एका हाकेवरून तुझ्यावर आरोप व्हावा, याचा मला खरंच त्रास झाला. स्वप्नाचा अर्थ लावताना फ्रॉइडसुद्धा ते पाहणाऱ्यालाच विचारायचा, की यावरून तुला काय काय आठवतं? तुला हे कुणी विचारलंच नाही. तेव्हा तूच स्वतःला विचार. रात्री तो आठवला तर आठवू दे, जे सुचेल ते कागदावर उतरव. कदाचित त्यात तो मित्र कमी आणि नवऱ्याची नाराजी जास्त सापडेल. जुनी माया सापडली, तरी घाबरू नकोस. तिच्यामुळे आजचं नातं खोटं होत नाही.

नवऱ्याला मात्र हे संशोधन आधी ऐकवू नकोस. त्याला लागलंय. ‘तुला वाईट वाटलं, ते मला कळतंय’ इतकंच म्हण आणि त्याचं ऐकून घे. महिनाभरानंतरही झोप अशीच मोडत राहिली, तर समुपदेशकाकडे जा. शक्यतो दोघं मिळून.

तुझी,
ताई