डीलरकडून घेतलेली जुनी गाडी तीन आठवड्यांत बंद पडली, डीलर हात वर करतोय. काय करता येईल?

आधी दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवून लेखी रिपोर्ट घ्या, त्याआधी इंजिन उघडू देऊ नका. माझ्या चुलतभावाच्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमली होती; कूलंट ऑइलमध्ये उतरत होतं. त्या फोटोंनीच पुढे सगळं काम केलं.

डीलर धंदा म्हणून विकतो, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा 2019 लागू होतो. वकिलाकरवी नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. तरी दाद दिली नाही तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करा. गाडीसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत 2 वर्षांची. आधी 1915 हेल्पलाइनवरही नोंदवून बघा.

पावतीवर ‘जशी आहे तशी’ लिहिलंय म्हणून खचू नका. दोष माहीत असून लपवला असेल, तर त्या ओळीने डीलर सुटत नाही. किलोमीटर मागे फिरवलेत असा संशय आला, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी काढा. ती सरळ फसवणूक आहे, पोलिसांतही जाता येतं.

गाडी ओळखीच्या माणसाकडून घेतली असती तर मात्र ग्राहक आयोग नाही, दिवाणी कोर्टच.