वाचकांचे प्रश्न : विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड आणि परदेशी नागरिक

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर एमएस करायला टेक्सासला गेली. कॅम्पसवर काम मिळालं, एसएसएनही (तिथला सोशल सिक्युरिटी क्रमांक) आला. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला घरी यायचं तिकीट माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंटांवर, काढता यावं म्हणून तिने युनायटेड या विमान कंपनीच्या कार्डासाठी अर्ज केला, तर लगेच नकार आला. इथे तिच्या नावावर कार्ड होतं, सिबिल 780 आहे. मग अडलं कुठे?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : सिबिलचा 780 तिथल्या बँकेला दिसतच नाही. अर्ज आला की बँक इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या ब्युरोंकडे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एसएसएन पाठवून फाइल मागवते. मुलीची फाइल अजून उघडलेलीच नाही. तिथला फायको स्कोअर (आपल्या सिबिलसारखा) 300 ते 850 च्या पट्टीवर असतो, आणि तो तयार व्हायला निदान एक खातं सहा महिने जुनं लागतं. युनायटेडची कार्डं चेस बँक काढते आणि ती नवख्यांच्या बाबतीत कडक आहे. साधारण वर्षभराचा स्वच्छ इतिहास झाल्याशिवाय तिकडे पुन्हा अर्ज करू नये, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी फाइलवर दोन वर्षं दिसते.

नकाराचं कारण सांगणारं पत्र येईल. त्या देशात ते देणं बँकेला बंधनकारक आहे. पत्र जपून ठेवायला सांगा, आणि ज्या ब्युरोचं नाव त्यात असेल तिचा अहवाल 60 दिवसांच्या आत फुकट मागवायला सांगा.

अहवालात पहिल्यांदा नाव तपासायचं. आपल्याकडच्या मुलांची तिथे सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव असं एकत्र छापलेलं असतं. एसएसएन कार्डावर ते जसंच्या तसं उतरतं. बँकेत खातं उघडताना मात्र मुलं नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव लिहितात. आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट असेल तर व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) येतं आणि गोंधळ आणखी वाढतो. एकाच मुलीच्या दोन अर्धवट फाइली तयार होतात, आणि दोन्हींत पुरेसा इतिहास नसतो. एसएसएन कार्डावर नाव जसं आहे तसंच बँक, कार्ड आणि घरभाड्याचा करार, सगळीकडे लिहायचं. पत्त्यातला अपार्टमेंटचा नंबरही प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने.

बँक खात्याचं आणखी एक. ऑनलाइन अर्जात बहुतेक ठिकाणी ‘मी अमेरिकेची करदाती व्यक्ती आहे’ असं प्रमाणपत्र असतं, तोच डब्ल्यू-9 हा कराचा फॉर्म. एफ-1 वरचा विद्यार्थी करासाठी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं अनिवासी असतो, म्हणून त्या चौकटीत टिचकी मारणं चूक आहे. पासपोर्ट, विद्यापीठाने दिलेला आय-20 आणि पत्त्याचा पुरावा घेऊन शाखेत जावं आणि डब्ल्यू-8बेन हा अनिवासींसाठीचा फॉर्म भरून द्यावा.

आता पहिलं कार्ड. अनामत ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड, किंवा विद्यार्थ्यांसाठीचं बिनफीचं कार्ड. 300 डॉलर अनामत म्हणजे 300 डॉलरची मर्यादा. इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती मुलांना कोणी सांगत नाही. ब्युरोकडे जातो तो आकडा बहुतेक वेळा स्टेटमेंटच्या तारखेला असलेल्या बाकीचा. मुलीने महिन्यात 240 डॉलरचा किराणा घेतला आणि बिल वेळेवर पूर्ण भरलं, तरी ब्युरोला मर्यादेच्या 80 टक्के वापर दिसतो आणि स्कोअर खाली येतो. म्हणून स्टेटमेंट निघायच्या तीन-चार दिवस आधीच 210-220 डॉलर भरून टाकायचे, 20-30 डॉलर बाकी राहू द्यायची आणि तेवढी शेवटच्या तारखेच्या आत फेडायची. ऑटोपे ‘पूर्ण बाकी’वर लावायचा, ‘किमान रक्कम’वर नाही. हप्ता 30 दिवस थकला की तो डाग सात वर्षं फाइलवर राहतो.

एक जवळची वाट आहे. मुलीच्या स्वतःच्या नावावर भारतात अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड किमान तीन महिने नीट चालू असेल, तर तीच कंपनी तो इतिहास धरून अमेरिकेतल्या कार्डाचा अर्ज घेते. वडिलांच्या कार्डावरचं पुरवणी कार्ड यासाठी उपयोगाचं नाही. शिवाय अमेरिकन एक्सप्रेस नोव्हा क्रेडिट या कंपनीमार्फत भारतातला क्रेडिट अहवालही बघू शकते. म्हणजे तुमचा 780 कुठे कामी आलाच तर इथे. डेल्टा या विमान कंपनीची कार्डं अमेरिकन एक्सप्रेसच काढते. पण तिच्या अटींत एकाच कार्डाचा स्वागत बोनस (नवं कार्ड घेतल्यावर मिळणारे जादा माइल्स) पुन्हा मिळत नाही, तेव्हा घाईने लहान बोनसवर कार्ड घेऊ नये.

गड्ड्याचा हिशेब स्पष्टच मांडतो. ऑक्टोबरात पहिलं कार्ड घेतलं तर एप्रिलमध्ये स्कोअर दिसू लागेल आणि पुढच्या ऑक्टोबरात विमान कंपनीचं कार्ड मिळण्याजोगं होईल. बोनससाठी बहुधा तीन महिन्यांत ठरावीक खर्च करावा लागतो आणि माइल्स त्यानंतर जमा होतात. तोवर संक्रांत होऊन जाते. येता गड्डा सोडाच, त्याच्या पुढचाही हातचा जाईल. त्यानंतरच्या यात्रेसाठी मात्र साधारण 11 महिने आधी, म्हणजे फेब्रुवारीत, जागा शोधायला बसावं. डिसेंबर-जानेवारीत माइल्सवरच्या जागा लवकर संपतात. युनायटेड आणि एअर इंडिया दोन्ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्याने युनायटेडचे माइल्स एअर इंडियाच्या विमानातही चालतात. आणि बोनसचा खर्च भागवायला विद्यापीठाची फी कार्डावर भरू नये. त्यावर 3 टक्के शुल्क लागलं तर 3000 डॉलरवर 90 डॉलर गेले.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. बी-1 या व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर वर्षातून दोनदा न्यूयॉर्कला जातो. एक जण म्हणतो, 40 हजारांत आयटीआयएन आणि तिथला पत्ता काढून देतो, मग तिथल्या विमान कंपनीचं कार्ड मिळेल. घ्यावं का?
— एक उद्योजक

उत्तर : देऊ नका ते 40 हजार. आयटीआयएन हा 9 ने सुरू होणारा करदात्याचा क्रमांक आहे. तो अमेरिकेचं कर खातं, आयआरएस, फक्त कराच्या कामासाठी देतं. अर्ज डब्ल्यू-7 या फॉर्मवर करायचा, त्याची सरकारी फी शून्य आहे, आणि ‘क्रेडिट कार्ड हवं’ हे त्यात कारणच नाही. तिथे तुमचं भाड्याचं घर असेल किंवा भागीदारीतून उत्पन्न येत असेल, तर 1040-एनआर हे अनिवासींचं रिटर्न डब्ल्यू-7 ला जोडून टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवायचं. सोलापुरातून माल पाठवून गिऱ्हाइकाकडून पैसे आले, एवढ्याने सहसा तिथे रिटर्न भरावं लागत नाही.

खरंच उत्पन्न असेल तर पासपोर्टची प्रत नीट काढा. इथल्या नोटरीचा शिक्का मारलेली प्रत परत येते. एक तर मूळ पासपोर्ट, नाहीतर तो देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत लागते. नाहीतर आयआरएसने मान्यता दिलेल्या एजंटाकडून, म्हणजे सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंटाकडून (सीएए), पडताळणी करून घ्यायची. असे एजंट भारतातही आहेत, आणि मूळ पासपोर्ट महिनोन्‌महिने हातातून जात नाही म्हणून हाच मार्ग बरा. क्रमांक यायला परदेशातून 9 ते 11 आठवडे धरा. सलग तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला नाही तर तो बाद होतो.

पत्त्याची गोष्ट जास्त गंभीर आहे. बँकेला राहता पत्ता लागतो आणि टपाल घेऊन ठेवणाऱ्या दुकानांचे पत्ते बँकांच्या यंत्रणेत ओळखू येतात. कार्डाच्या अर्जात जाणूनबुजून खोटा पत्ता लिहिणं हा तिथे केंद्रीय गुन्हा आहे. ज्या व्हिसावर तुमचा धंदा उभा आहे, तो कार्डापायी धोक्यात घालू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

तुम्हाला हवं ते कार्डाशिवाय बऱ्यापैकी मिळतं. परदेशी विमान कंपन्यांच्या माइल्स योजनेचं सदस्यत्व फुकट असतं आणि सोलापुरातून, घरच्या पत्त्यावर घेता येतं. एकच योजना धरा, तिचा क्रमांक प्रत्येक तिकिटावर घाला, बोर्डिंग पास माइल्स जमा होईपर्यंत ठेवा. कार्ड भारतातलंच घ्या, पण परकीय चलनाचा अधिभार बघून. 3.5 टक्के अधिभार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे एक लाखाच्या खर्चावर 4130 रुपये. 2 टक्क्यांचं कार्ड असेल तर 2360. दोन फेऱ्यांत हा फरक माइल्सच्या किमतीपेक्षा मोठा होऊ शकतो. माइल्सचं तिकीट मुंबईपासूनचं असतं, हेही लक्षात असू द्या. सिद्धेश्वर एक्सप्रेस रखडली आणि विमान चुकलं तर कंपनी जबाबदार नाही. आदल्या दिवशी निघा.

प्रश्न : भाऊ अमेरिकन नागरिक आहे, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड आहे. हिवाळ्यात चार महिने होटगी रोडच्या घरी असतो. त्याला भारतातल्या विमान कंपनीचं कार्ड मिळेल का?

उत्तर : पॅन आणि एनआरआय खातं असेल तर सर्वांत सोपा मार्ग मुदत ठेवीवरचं कार्ड. मर्यादा ठेवीच्या रकमेपेक्षा थोडी कमी मिळते. विमान कंपनीचंच कार्ड ठेवीवर देतात का, हे शाखेत आधी विचारा. नाही म्हणाले तर ज्याचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवता येतात असं कार्ड मागा. एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नाच्या, ठेवीच्या व्याजावर 30 टक्के टीडीएस आणि वर उपकर कापला जातो, एनआरई, म्हणजे परदेशातून आणलेल्या पैशाच्या, ठेवीचं व्याज इथे करमुक्त आहे. तेव्हा बँक घेत असेल तर एनआरई ठेवच तारण ठेवा. अमेरिकेच्या रिटर्नमध्ये मात्र दोन्हींचं व्याज दाखवावं लागतं, आणि अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर त्याला एफबार हा परदेशी खात्यांचा अहवालही भरावा लागेल.

ओटीपी भारतातल्या मोबाइलवर येतो. भाऊ परत जाताना ते सिम रोमिंगवर चालू ठेवून गेला पाहिजे, नाहीतर तिथे बसून त्याला इथलं कार्ड ऑनलाइन वापरता येणार नाही.