मशीन हप्त्यावर घेऊ, की जुने कुर्तेच उसवू?

म्हापशाजवळच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. पाचवा महिना चालू आहे, कपडे घट्ट व्हायला लागलेत. गरोदरपणाचे तयार कपडे पाहिले तर सहा कुर्ते आणि दोन पॅन्ट मिळून ९,६०० रुपये. शिवणकाम येतं, म्हणून घरचेच कपडे सैल करावेत असं मनात आहे. त्यासाठी १२,६०० चं इलेक्ट्रिक मशीन नऊ 'बिनव्याजी' हप्त्यांत घ्यावं का, असं त्या विचारतात. यजमानांचं म्हणणं, तयारच घे, डोक्याला ताप नको.

ताई, कपडे घरीच सैल करा. मशीन मात्र आत्ता नको. ९,६०० वाचवायला १२,६०० घालवायचे, म्हणजे सुई ओवायच्या आधीच तीन हजार अंगावर. आणि 'बिनव्याजी' म्हणतात त्यातही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा निघतोच. दुकानदाराला एकदा नुसतं विचारा, रोखीने केवढ्याला द्याल? किंमत कमी सांगितली तर तो फरक म्हणजेच व्याज, बिनव्याजी म्हणजे काय ते लगेच कळेल.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. यजमानांची टॅक्सी पर्यटकांवर चालते, म्हणजे जून ते सप्टेंबर हात आखडताच. तुमची तारीख सप्टेंबर अखेरची. २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते ती दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे. तुम्ही नोकरी करता त्या दुकानात सहाच. मालक आपणहून काही देतील तर उत्तम, पण ते आत्ताच बोलून घ्या. नाहीतर ऑगस्टच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत तुमच्या महिना १८,००० पगाराप्रमाणे १,०८,००० चा खड्डा आहे, आणि मशीनचा १,४०० चा हप्ता नेमका त्याच महिन्यांत चालू राहणार.

डिचोलीला माहेरी पायाचं मशीन पट्टा तुटून पडलंय, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. अहो, तेच तर उत्तर आहे! पट्टा बदला, तेल घाला. सलग तासभर मात्र बसू नका. पायडल मारू का, हे डॉक्टरांना विचारा, ते नको म्हणाले तर पायडल आई मारतील.

आता कुर्ते. एकेक उलटा करून शिवणीत दाब, म्हणजे टिपेच्या आतलं जादा कापड, किती सोडलाय ते बघा. शिंप्याकडचा असेल तर दोन बोटं मिळतात, तयार कुर्त्यात बोटभरही नसते. दाब पुरेसा असला तर नुसती टीप बाहेर सरकवा. नसला तर बगलेपासून कटपर्यंत शिवण उसवून जुन्या ओढणीची तिकोनी कळी घाला, वर निमुळती, खाली रुंद. कात्री कुर्त्याला लावू नका. उसवलेलं पुन्हा जोडता येतं, कापलेलं नाही. बाळंतपणानंतर कळी काढली की कुर्ता होता तसा. पोट वाढलं की पुढची किनार वर चढते, म्हणून लांब कुर्तेच निवडा. नाडीच्या सलवारीला तर काहीच करायला नको. जीन्सच्या काजातून केसांचा रबर ओवून बटणाला अडकवला की महिना-दीड महिना निघतो. पुढे ती कपाटात ठेवा.

अंगावर पाजायला पुढे चेन लावायची ते काम शिंपिणीला द्या. तुम्ही लिहिलेल्या दराने, नगाला १५०, सहा कुर्त्यांचे ९०० होतील. चेन, दोरा, इलॅस्टिक यांना सातशे धरा. पण जूनमध्येच द्या. गणपतीची चवथ जवळ आली की शिंपीण तुमच्या पिशवीकडे बघणारसुद्धा नाही.

दोन गोष्टी मात्र नव्याच घ्या: पाजायच्या दोन ब्रा आणि दुकानात घालायला एक ताणणारी काळी पॅन्ट, मिळून १,८००. सगळं ३,४०० मध्ये बसतं, ६,२०० वाचतात. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून वाटल्यास एक सुती गाऊन शुक्रवारच्या बाजारातून घ्या. माझ्या वेळी मी हौसेने घेतलेली महागडी पॅन्ट मोजून सहा वेळा घातली होती, म्हणून यजमानांच्या बाजूने बोलणं मला जड जातंय.

आईच्या मऊ सुती साड्यांचे गाऊन करू नका. त्यांची दुपटी आणि लंगोट होतील, ते विकतचे घेतले तर तोही खर्च आहेच.

वाचलेले ६,२०० त्या खड्ड्यात टाका. पहिलंच मूल आहे, तेव्हा प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० दोन हप्त्यांत मिळतात का, हे अंगणवाडीत विचारा. मुलगी झाली तर गोव्याच्या ममता योजनेचीही चौकशी तिथेच करा. बाळंतपणासाठी म्हणून आत्ता आरोग्य विमा घेऊ नका. त्याला प्रतीक्षा काळ असतो, या खेपेला उपयोग नाही.

मशीनचा विषय पुढच्या मार्चमध्ये काढू. शेजारपाजारची कामं घ्यायची असतील तर तेव्हा पुन्हा लिहा, महिन्याला किती नग मिळतील याचा अंदाज घेऊनच.